वजडी, शेवळं, कालवं, ड्युरियन : लोक नको म्हणतात ते पदार्थ पहिल्यांदा खाताना आणि खिलवताना

वजडी, शेवळं, कालवं, लाल मुंग्यांची चटणी, ड्युरियन. ही नावं काढली की समोरच्या दहा जणांपैकी निम्मे तरी नाक मुरडतात. त्यातल्या अनेकांनी तो पदार्थ कधीच खाल्लेला नसतो. बाकीच्यांनी खाल्लेला असतो तो बहुधा नीट साफ न केलेला, अर्धवट शिजलेला किंवा गार झालेला.

नकाराची कारणं मुख्यतः तीन. पहिलं वास, दुसरं तोंडात लागणारा पोत (चिवट, बुळबुळीत, खाजरा) आणि तिसरं मनातली कल्पना, म्हणजे ‘हे आतडं आहे’, ‘हा किडा आहे’, ‘आमच्यात चालत नाही’. पहिली दोन कारणं बहुतेक वेळा स्वयंपाकघरात दूर करता येतात आणि या लेखाचा बराचसा भाग त्यावरच आहे. तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. एखाद्याला कल्पनाच नको असेल तर पदार्थ कितीही उत्तम झाला तरी त्याचा घास गोड लागणार नाही, आणि तो त्याचा हक्क आहे.

पहिला घास कसा घ्यावा

पोट तुडुंब भरलेलं असताना नवा पदार्थ चाखू नका. वास जास्त जाणवतो आणि मन आधीच नको म्हणत असतं. कडकडून भूक लागलेली असतानाही नको, कारण मग घास मोठा घेतला जातो. अर्धी भाकरी पोटात गेल्यावरची वेळ बरी.

घास करंगळीच्या पेरापेक्षा मोठा नसावा. सोबत ओळखीची चव हवी: भाकरीचा तुकडा, लिंबू, कच्चा कांदा. वासाचा त्रास होत असेल तर नाकाने श्वास न घेता घास चावायला सुरुवात करा आणि गिळून झाल्यावर तोंडाने श्वास सोडा. चवीचा मोठा भाग घशामागून नाकात जाणाऱ्या वासातूनच कळतो, त्यामुळे एवढ्यानेही तीव्रता उतरते. पहिल्या घासावर मत बनवू नका. दोन-तीन मिनिटं थांबून दुसरा घ्या, कारण पहिल्यात जीभ फक्त अनोळखीपणा नोंदवते. दुसराही नको वाटला तर तिथे थांबा, तिसऱ्याचा आग्रह स्वतःलाही करू नये.

एका जेवणात एकच नवा पदार्थ खावा. ॲलर्जी आली तर ती कशाची हे कळायला हवं. ओठ किंवा घसा सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं यांपैकी काही दिसलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

वजडी : वास जातो, फक्त क्रम चुकवू नका

वजडी म्हणजे बोकडाचं पोट आणि आतडी. तिच्याबद्दलच्या तक्रारी दोनच, वास येतो आणि रबरासारखी लागते. दोन्ही तक्रारी खऱ्या असतात आणि दोन्हींत दोष करणाऱ्याचा असतो.

चार जणांसाठी साफ केलेली अर्धा किलो वजडी पुरते. काळं आवरण असलेली, न सोललेली घेत असाल तर पाऊण किलो घ्या. खरेदी सकाळीच करावी. ताज्या वजडीला चाऱ्याचा वास येतो, तो असायचाच. आंबूस किंवा कुजका वास आला, बोटाला चिकट तार लागली, तर घेऊ नका. अति पांढरीशुभ्र आणि औषधासारखा वास मारणारीही नको. तिला धुलाईची रसायनं लावलेली असू शकतात.

घरी आणल्यावर आधी गार पाण्यात धुऊन आतला चारा पूर्ण काढायचा. मग तुकडे वेगळे करा: टॉवेलसारखा खरखरीत मोठा भाग, जाळीदार लहान भाग, पानापानांचा भाग आणि आतडी. पानापानांच्या भागात चारा अडकून राहतो, म्हणून नळाखाली धरून एकेक पान बोटाने उघडून धुवावं लागतं. हे काम टाळलं की पुढचा सगळा मसाला वाया जातो. आतडी उलटी करायला एक वीत लांबीचे तुकडे करून काडीने आतून ढकलतात. सवय नसेल तर कात्रीने उभी चिरून उघडी करून धुवा, चवीत फरक पडत नाही.

आता काळं आवरण. इथे पाण्याचं तापमान सगळ्यात महत्त्वाचं. तीन भांडी उकळतं पाणी आणि दोन भांडी नळाचं पाणी एकत्र केलं की साधारण 70 अंशांच्या आसपास येतं. त्यात चमचाभर खायचा चुना विरघळवून टॉवेलसारखा भाग मिनिटभर बुडवा, बाहेर काढून सुरीच्या बोथट कडेने खरवडून पाहा. आवरण साल निघावी तसं सुटलं पाहिजे. सुटत नसेल तर आणखी अर्धा मिनिट ठेवा. पाणी खळखळ उकळतं असेल तर आवरण सुटण्याऐवजी मांसाला घट्ट बसतं, आणि मग खरवडताना मांसाचेच लगदे निघतात. एकदा तसं बसलं की परत सोडवता येत नाही. म्हणून एका वेळी एकच तुकडा बुडवा. चुन्याने हात भाजतात, मोजे घाला, आणि काम झाल्यावर वजडी तीन-चार पाण्यांनी धुवा.

यानंतर दोन चमचे जाडं मीठ, दोन चमचे बेसन किंवा ज्वारीचं पीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून पाच मिनिटं खसाखसा चोळा. मीठ घासण्याचं काम करतं, पीठ बुळबुळीतपणा ओढून घेतं. धुवा आणि पुन्हा एकदा तेच करा. धुतलेलं पाणी स्वच्छ निघेपर्यंत साफसफाई पूर्ण झालेली नाही.

पहिली उकळी नेहमी उघड्या पातेल्यात. दीड लिटर पाण्यात चमचाभर हळद, मीठ आणि ठेचलेलं आलं घालून वजडी दहा मिनिटं उकळा, वर येणारा फेस काढा आणि ते पाणी सगळं ओतून द्या. वास वाफेबरोबर निघून जातो. थेट कुकरमध्ये टाकली तर तोच वास रश्शात कोंडतो, आणि ‘आमच्या वजडीला वास येतोच’ असं म्हणणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा हीच पायरी गाळलेली असते.

तुकडे उकळीनंतर करावेत. कच्ची वजडी सुरीखाली सरकते, उकळलेली नीट कापली जाते. दोन बोटं लांब पट्ट्या करा. शिजून आणखी आक्रसतात, म्हणून बारीक चिरू नका.

आता कुकर. दोन वाट्या ताजं पाणी, एक मोठा चमचा आलं-लसूण, थोडी हळद. मोठ्या आचेवर सहा-सात शिट्ट्या, मग आच मंद करून दहा मिनिटं. तुकडा नखाने दाबला की नख सहज रुतलं पाहिजे. वजडी रबरासारखी लागते ती जास्त शिजल्यामुळे नाही, कमी शिजल्यामुळे. तिच्यातले चिवट धागे पुरेशी उष्णता आणि वेळ मिळाला की विरघळून मऊ होतात. काळीज याच्या नेमकं उलट वागतं, दोन-चार मिनिटं जास्त झाली की कडक. दोन्ही एकत्र शिजवायचे असतील तर काळीज अगदी शेवटी घाला.

मसाल्यासाठी दोन कांदे, पाव वाटी सुकं खोबरं, आठ-दहा लसूण पाकळ्या, आलं, कोथिंबीर भाजून वाटून घ्या. तीन मोठे चमचे तेलात वाटण परता, दोन चमचे कांदा-लसूण मसाला घाला, वजडी टाकून झाकण न ठेवता तेल सुटेपर्यंत दहा-बारा मिनिटं परता. मीठ शेवटी चाखून घाला, कारण उकळीतलं थोडं मुरलेलं असतं. नवख्याला सुकी वजडी आधी द्यावी, रस्सा नंतर. आणि वाढायची ती वाफाळती. गार झाली की तिच्यातला चीक घट्ट होऊन ओठांना चिकटतो, आणि नवखे लोक बहुधा या चिकटपणालाच घाबरतात.

उरलेली वजडी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उकळी आणूनच खा.

शेवळं : घसा खवखवतो तो का

पहिला पाऊस पडला की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. तपकिरी-जांभळट, टोकदार, बिनपानांचे कोंब. सुरणाच्याच कुळातली ही रानभाजी, आणि खाजही तीच. या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेत-घशात टोचतात म्हणून खवखव होते. नुसत्या पाण्यात थोडा वेळ उकळून हे स्फटिक विरघळत नाहीत, म्हणून परंपरेने या भाजीत आंबट, भरपूर तेल आणि पुरेसा वेळ असं तिन्ही येतं. मुंबई-ठाण्याच्या सीकेपी घरांत शेवळं सोडे (सोललेली सुकी कोळंबी) किंवा खिमा घालून करतात, आणि ज्यांनी ती एकदा जमलेली खाल्ली त्यांना जून महिना तिच्यावाचून सुना वाटतो.

आंबटासाठी शेवळांबरोबरच काकडं मिळतात, बोराएवढी हिरवी आंबट-तुरट फळं. विकणारी बाई दोन्ही एकत्रच देते. काकडं नसतील तर चिंच किंवा आमसूल चालतं, पण आंबटाशिवाय शेवळं करायचीच नाहीत.

दोन जुड्यांना दहा-बारा काकडं पुरतात. हाताला खोबरेल तेल लावून बसा. प्रत्येक कोंबाची बाहेरची आवरणं सोलून काढा; आत एक लांबट दांडा दिसेल. त्याच्या बुडाशी पिवळसर, दाणेदार भाग असतो. तो सगळ्यात खाजरा, पूर्ण कापून टाका. घाईत हा भाग थोडा राहिला की अख्खी भाजी खवखवते. उरलेला दांडा आणि आतलं कोवळं आवरण धुऊन बारीक चिरा.

काकडं ठेचून, बिया काढून, अर्धी वाटी पाण्यात कुस्करून रस गाळून घ्या. कढईत चार मोठे चमचे तेल तापवून कांदा परता, त्यावर शेवळं घालून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं परता. आकार निम्म्यावर येईल, रंग गडद होईल. मग काकडांचा रस आणि वाटीभर पाणी घालून झाकण ठेवून वीस मिनिटं शिजवा.

मसाला घालण्याआधी चाचणी घ्या. वाटाण्याएवढी भाजी जिभेच्या टोकावर ठेवून चावा आणि तीन मिनिटं थांबा. चुरचुरलं तर आणखी आंबट घालून दहा मिनिटं शिजवा आणि पुन्हा पाहा. चुरचुर थांबल्यावरच भिजवलेले सोडे, गोडा किंवा तुमच्या घरचा मसाला, मीठ आणि शेवटी ओल्या खोबऱ्याचं वाटण घाला. शाकाहारी घरांत सोड्यांऐवजी भिजवलेली चणाडाळ किंवा वाल घालतात.

जेवताना घसा खवखवलाच तर दही किंवा सोलकढी प्या, थोड्या वेळाने उतरतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र ही भाजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, कारण बरेचसे खडे याच ऑक्झलेटचे असतात. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. फोटो बघून रानात जाऊन शेवळं किंवा दुसरी कुठलीही रानभाजी स्वतः खुडू नका. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ती आणतात त्यांच्याकडूनच घ्या, साफ कशी करायची तेही त्यांनाच विचारा, आणि जुडीच्या भावात घासाघीस करू नका. त्या जुडीमागे पहाटेपासूनची रानातली पायपीट असते.

कालवं

कोकणात कालवं (ऑयस्टर) खडकावरून फोडून काढतात आणि बहुधा सोललेली, वाटीवर विकतात. नवख्यांचा आक्षेप मऊ, ओलसर पोताला असतो. त्यामुळे पहिल्यांदा रस्सा नको. कांदा-मिरचीवर सुकी किंवा रव्यात घोळून तळलेली द्या.

पाव किलो कालवं असतील तर आधी बोटांनी चाचपून शिंपल्याच्या कपच्या काढा, मग थोड्या पाण्यात हलकेच दोनदा धुवा. फार धुतली की खारी चव निघून जाते. मसाला पूर्ण परतून झाल्यावरच कालवं घाला. कडा मुडपून आत वळल्या, अंग फुगलं की आणखी तीन-चार मिनिटं चांगली उकळी द्या आणि उतरवा. यापुढे ती आक्रसून चिवट होतात. मीठ आधी घालू नका, ती स्वतःच खारट असतात.

कच्ची कालवं परदेशी हॉटेलांत लिंबू पिळून खातात, ती आपल्या खाडीची खाऊ नयेत. कालवं पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातले जंतू आणि सांडपाण्याची घाण त्यांच्यात साठते. शिजवल्याने जंतू मरतात, पण जड धातू आणि काही सागरी विषं शिजवूनही जात नाहीत. म्हणून शहराच्या नाल्याजवळची कालवं कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

लाल मुंग्यांची चटणी

बस्तरमध्ये हिला चापडा म्हणतात. गडचिरोलीच्या माडिया गोंडांच्या जेवणातही ही आहे, आणि ओडिशातल्या सिमिलिपालच्या काई चटणीला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या आणि त्यांची अंडी, मीठ, मिरची, लसूण आणि आलं घालून पाट्यावर वाटतात. आंबटपणा फॉर्मिक आम्लाचा असतो. लिंबापेक्षा तीक्ष्ण, आणि जिभेवर फार रेंगाळत नाही. भातावर पाव चमचा एवढीच सुरुवात करा. वाटल्यामुळे मुंगी दिसत नाही, म्हणून कीटक पहिल्यांदा चाखणाऱ्याला ही चटणी तळलेल्या अळ्या-नाकतोड्यांपेक्षा सोपी जाते.

कोळंबी किंवा खेकड्याची ॲलर्जी असेल तर कुठलाही कीटक खाऊ नका. दोघांच्या शरीरात एकाच जातीचं प्रथिन असतं, आणि कोळंबीने त्रास होणाऱ्याला कीटकानेही तसाच होऊ शकतो.

ड्युरियन

थायलंड, मलेशिया, सिंगापूरला जाणारे बरेच मराठी पर्यटक फणसाची सवय आहे म्हणून ड्युरियन हे फणसासारखंच काटेरी फळ सहज घेतात आणि पहिल्याच घासाला थांबतात. याच्या वासात गंधकाची संयुगं असतात, कांदा-लसणाच्या अंगाची. सिंगापूरच्या मेट्रोत ते न्यायला बंदी आहे आणि अनेक हॉटेलं खोलीत आणू देत नाहीत, त्यामुळे विकत घेतलं तिथेच उभ्याने खावं.

सुरुवात थाई मोनथोंग जातीने करा. गर जाड, गोड, वास त्यातल्या त्यात सौम्य. मलेशियाचं मुसांग किंग कडवट आणि जास्त मलईदार, ते पुढच्या वेळी. थंडगार केलेला गर घ्या, गारव्याने वास कमी उडतो. आतला गर बोटाने दाबला तर हलका खड्डा पडावा. पाणी सुटलेला, फाटलेला गर जास्त पिकलेला असतो. एक गरा दोघांत पुरे. दारूबरोबर खाऊ नका. अल्कोहोल पचवणाऱ्या विकराला ड्युरियनमधली गंधक संयुगं अडथळा करतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी टाळावं.

याच प्रवासांत शाकाहारी मंडळींची अडचण वेगळी असते. थाई भाजीत माशाचा सॉस, चिनी पालेभाजीत ऑयस्टर सॉस, जेलीत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन आणि पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. ‘मांस नाही ना?’ एवढं विचारून भागत नाही, प्रत्येक सॉसचं नाव घेऊन विचारावं लागतं.

जे खायचंच नाही

घोरपड, ससा, रानडुक्कर, कासवाची अंडी. कुणी कितीही प्रेमाने वाढलं तरी नको. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार यांची शिकार गुन्हा आहे, आणि घोरपड तर सर्वांत कडक संरक्षण असलेल्या यादीत आहे. गोव्यात पावसाळ्यात बेडकाच्या तंगड्या ‘जंपिंग चिकन’ या नावाने चोरून विकल्या जातात, तेही बेकायदा. पहिल्या पावसात बाहेर पडणारे हे मोठे बेडूक त्याच वेळी अंडी घालायच्या तयारीत असतात, आणि शेतातले किडे खाणारे तेच आहेत. भारताने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये थांबवली ती याच काळजीने.

खिलवणाऱ्यासाठी

काय आहे ते आधी सांगा. ‘खा आधी, मग सांगतो’ हा प्रकार वाईट आहे. कुणाचा उपास असतो, कुणाचा धर्म आड येतो, कुणाला ॲलर्जी असते. आणि फसवून खायला घातलेला माणूस पुन्हा तुमच्या ताटातलं काही विश्वासाने उचलत नाही. एकदाच विचारा, आणि नको म्हटलं की विषय सोडा. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचार मानतात, पण वजडीचा आग्रह पुरणपोळीसारखा करता येत नाही.

नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, वेगळ्या डावाने वाढा आणि ताटात ओळखीचं जेवण पूर्ण असू द्या, म्हणजे नाही म्हणणारा उपाशी उठणार नाही. लहान मुलांना जबरदस्ती तर मुळीच नको. नव्या चवीला हो म्हणायला मुलांना पुष्कळदा आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती चव भेटावी लागते. म्हणून दर वेळी चिमूटभरच ठेवा, खाल्लं नाही तर न बोलता ताट उचला, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढंच वाढा.